यंत्रावर सरळ, रस्त्यावर वाकडी

मोटार धावताना एका बाजूला ओढू लागली की तिचे ‘अलाइनमेंट गेले’ असे समजावे आणि ती संगणकीय यंत्रावर चढवावी, हा समज महाराष्ट्रातील मोटारमालकांत आणि टायरच्या दुकानांत इतका पक्का रुजला आहे की त्याचे कारण आता कोणी विचारत नाही. या समजाची साखळी अशी मांडली जाते : खड्ड्यांनी चाकांचे कोन बिघडतात, कोन बिघडले की गाडी ओढते, यंत्र ते कोन मोजून पूर्ववत करते, पडद्यावरचे लाल आकडे हिरवे झाले की गाडी दुरुस्त झाली, आणि एवढे करूनही ती खडबडीत रस्त्यावर ओढतच राहिली तर दोष रस्त्याचा, कारण ‘आपल्याकडचे रस्तेच तसे आहेत’. या साखळीतला शेवटचा दुवा विशेष पाहण्यासारखा आहे. गुण आला तर श्रेय उपचाराला आणि न आला तर दोष रस्त्याला, अशी सोय ज्या उपचाराने स्वतःसाठी करून ठेवली आहे, तो कधी चुकीचा ठरणार तरी कसा?

हे यंत्र नेमके काय मोजते, ते प्रथम पाहिले पाहिजे. त्याच्या पडद्यावर प्रामुख्याने तीन कोन उमटतात. गाडीकडे वरून पाहिले असता पुढच्या दोन चाकांची तोंडे एकमेकांकडे किंचित वळलेली आहेत की फाकलेली, ते सांगणारा ‘टो’. समोरून पाहिले असता चाकाचा माथा आत झुकला आहे की बाहेर, ते सांगणारा ‘कॅम्बर’. आणि ज्या अक्षाभोवती चाक डावी-उजवीकडे वळते तो अक्ष बाजूने पाहिला असता मागे किती कललेला आहे, ते सांगणारा ‘कॅस्टर’. यांपैकी कॅम्बर आणि कॅस्टर दोन बाजूंना असमान झाले तर गाडी खरोखरच ओढते : ज्या चाकाचा माथा अधिक बाहेर झुकला असेल त्या बाजूला, आणि ज्या बाजूचा कॅस्टर कमी असेल त्या बाजूला. टोची गोष्ट निराळी आहे. पुढची दोन्ही चाके टाय रॉड नावाच्या दांड्यांनी एकाच स्टिअरिंग रॅकला, म्हणजे स्टिअरिंग फिरवताच डावी-उजवीकडे सरकणाऱ्या पट्टीला, बांधलेली असल्यामुळे एका चाकाचा टो बिघडला तरी गाडी चालू लागताच तो फरक दोन्ही चाकांत वाटला जातो. स्टिअरिंग तिरके धरावे लागते, टायरची नक्षी एका अंगाने घासून करवतीसारखी होते, पण गाडी जाते ती बहुधा सरळच.

आता यंत्रावर चढलेल्या गाडीचे प्रत्यक्षात काय केले जाते? मारुती ८०० पासून आजच्या बहुतेक हॅचबॅकपर्यंत पुढच्या चाकांना जी रचना वापरली जाते, ती अर्ल मॅकफर्सन या अमेरिकी अभियंत्याच्या नावाने ओळखली जाते. १९५०च्या फोर्ड कॉन्सल या मोटारीपासून तिचा प्रसार झाला. तिच्यात स्प्रिंग आणि शॉक अब्सॉर्बर एकाच उभ्या खांबात बसवलेले असतात, खालून लोअर आर्म नावाचा एकच आडवा हात चाकाला धरून ठेवतो, आणि या काटकसरीची किंमत म्हणून बहुसंख्य मॉडेलांत कारखान्याने फिरवण्याजोगा ठेवलेला कोन एकच असतो, तो म्हणजे टो. म्हणजे मोजले जातात तीन कोन, कागदावर छापले जातात तीन कोन, आणि पान्याने फिरवला जातो तो नेमका ओढीशी ज्याचा संबंध सर्वांत दूरचा, तो कोन. या कामाला टायरची झीज वाचवण्याचे काम म्हटले तर कोणाचीही हरकत नसावी, कारण त्यासाठी ते उपयुक्तच आहे. त्याला ओढीचा इलाज म्हणणे हे मात्र ग्राहकाचे अज्ञान गृहीत धरून केलेले विधान आहे. मागच्या चाकांचा टो वाकडा असेल तर गाडी खेकड्यासारखी तिरकी चालते, हे खरे. पण बहुतेक लहान गाड्यांत मागचा आडवा दांडा अखंड असतो आणि त्याचा टो फिरवायला जागाच नसते, हेही तितकेच खरे.

हिरव्या आकड्यांविषयीची श्रद्धाही तपासून घेण्यासारखी आहे. कारखाना प्रत्येक कोनासाठी एक नेमका आकडा देऊन थांबत नाही, त्याच्या दोन्ही बाजूंना काही सवलत देतो. समजा ही सवलत कॅम्बरसाठी अधिक-उणे एक अंश आहे, डावे चाक अधिक पाऊण अंशावर आहे आणि उजवे उणे पाऊण अंशावर. दोन्ही आकडे हिरवे आहेत, आणि दोहोंत दीड अंशाचा फरक आहे, जो गाडी डावीकडे ओढायला पुरेसा आहे. दोन बाजूंमधला फरक हा स्वतंत्रपणे वाचण्याचा आकडा असतो आणि तो सर्वसाधारणपणे अर्ध्या अंशाच्या आत असावा, असा संकेत आहे. परंतु हिरवा रंग दिसताच पुढचे वाचन थांबते. याहून मोठी उपेक्षा होते ती वळणाच्या अक्षाच्या आडव्या कलाची. समोरून पाहिले असता हा अक्ष जितका आत कललेला असतो तो कोन आणि कॅम्बर यांची बेरीज चाक धरणाऱ्या भागांच्या घडणीनेच ठरलेली असते. ही बेरीज दोन बाजूंना वेगळी आली तर एका बाजूचा नकल, म्हणजे चाकाचे बेअरिंग ज्या ओतीव भागात बसते तो भाग, किंवा शॉक अब्सॉर्बरचा खांब वाकलेला आहे. बेरीज सारखी पण तिचे घटक वेगळे असतील तर सबफ्रेम, म्हणजे लोअर आर्म ज्या चौकटीला जोडलेले असतात ती खालची चौकट, सरकलेली आहे किंवा खांबाचे वरचे टोक जागेवर नाही. खड्ड्यात जोरात आदळलेल्या गाडीचे निदान इतक्या नेमकेपणाने करण्याची सोय चांगल्या यंत्रांत असते. पडद्यावरचे ते पान उघडण्याची तसदी किती दुकाने घेतात?

परंतु एवढे सर्व मापन अचूक झाले असे गृहीत धरले, तरीही मूळ आक्षेप शिल्लक राहतो आणि तो यंत्राच्या दर्जाविषयीचा नाही. यंत्र उभ्या गाडीचे कोन सांगते, आणि तक्रार धावत्या गाडीची, तीही खडबडीत रस्त्यावर धावत्या गाडीची असते. सपाट तक्त्यांवर उभ्या असलेल्या गाडीच्या सांध्यांवर फक्त तिचे वजन असते, आणि त्या एकाच दिशेच्या भाराखाली झिजलेला सांधाही आपल्या नेहमीच्या जागी निमूट बसून राहतो. लोअर आर्म गाडीच्या सांगाड्याला जिथे जोडलेला असतो तिथे रबराचे जाड बुश असतात. धक्का शोषावा पण चाक जागचे हलू नये, असे दुहेरी काम त्यांच्याकडे असते. हे रबर चिरले, तेलाने सुजले किंवा उन्हातान्हाने कडक होऊन आपल्या नळीपासून सुटले की खड्ड्याची कड लागताच ते चाक काही मिलिमीटर मागे सरते, त्या बाजूचा कॅस्टर घटतो, टोही बदलतो, गाडी क्षणभर त्या बाजूला झेपावते, आणि पुढे सपाट रस्ता आला की सर्व काही पूर्ववत होते. ब्रेक लावतानाही हेच घडते, कारण ब्रेकही चाकाला मागेच ढकलतो. बॉल जॉइंट आणि टाय रॉड एंड या गोळीच्या सांध्यांत पडलेल्या ‘प्ले’ची, म्हणजे ढिलेपणाची, कथा वेगळी नाही. जो दोष केवळ धक्क्याच्या क्षणी अस्तित्वात येतो, तो धक्का नसलेल्या ठिकाणी मोजायला जाणे, आणि तिथे तो सापडला नाही म्हणून तो नाहीच असे ठरवणे, याला कोणत्या शास्त्रात परीक्षा म्हणतात?

गंमत अशी की उभ्या गाडीचे मोजमाप पुरेसे आहे असा दावा अलाइनमेंटच्या शास्त्राने स्वतः कधी केलेलाच नाही. कोन मोजण्यापूर्वी टायरमधील हवा, दोन्ही बाजूंची उंची, बुश, बॉल जॉइंट, टाय रॉड एंड आणि चाकाचे बेअरिंग तपासावे, आणि ढिला भाग बदलल्याशिवाय मोजमाप करू नये, हा या कामाचा प्राथमिक नियम आहे, कारण ढिल्या सांध्यावर बसवलेला कोन पुढच्या खड्ड्यापर्यंतच टिकतो. नियमाचा पहिला अर्धा भाग गाळून दुसरा विकणे ही व्यवसायाची चलाखी असेल, पण तिला तंत्रज्ञान हे नाव देण्याचे कारण नाही.

याच ठिकाणी आणखी एका दोषाचा विचार केला पाहिजे, कारण तो खडबडीत रस्त्याशी सर्वांत थेट जोडलेला असून त्याची चर्चा सर्वांत कमी होते. चाक वर-खाली होताना लोअर आर्मचे टोक एका कमानीत फिरते आणि टाय रॉडचे टोक दुसऱ्या कमानीत. या दोन कमानी एकमेकींशी जुळाव्यात अशी काळजी आराखडा करताना घेतलेली असते. त्या जुळेनाशा झाल्या की स्टिअरिंग स्थिर धरूनही चाक वर उचलले जाताना आपोआप थोडे वळते. दोन्ही चाके एकदम उचलली गेली, जसे गतिरोधकावर होते, तर दोन्ही वळणे एकमेकांना रद्द करतात आणि चालकाला काही जाणवत नाही. एकच चाक उचलले गेले तर ती ओढ कोणी रद्द करत नाही. म्हणूनच अशी गाडी महामार्गावर शहाण्यासारखी चालते आणि गावच्या फाट्यावर वळताच चालकाशी भांडू लागते. कमानी बिघडतात कशाने? अपघातात रॅकची बैठक सरकल्याने, चुकीच्या लांबीचा सुटा भाग बसवल्याने, आणि बहुतेकदा मालकाच्या हौसेने. गाडीचे पोट रस्त्याला घासू नये म्हणून स्प्रिंगच्या वेटोळ्यांत रबरी बफर किंवा स्प्रिंगखाली स्पेसर घालून ती उंच करण्याची टूम सध्या जोरात आहे. उंची वाढली की लोअर आर्म आणि टाय रॉड यांचे मूळ कल बदलतात, म्हणजे खराब रस्त्यासाठी केलेला हा उपाय खराब रस्त्यावरच गाडीला चंचल करतो. नंतर तीच गाडी अलाइनमेंटला नेली जाते, आणि यंत्र तिच्या नव्या उंचीवरचा टो नेकीने हिरवा करून देते.

रुंद टायर आणि बाहेर निघालेली अलॉय चाके यांचा परिणामही याच जातीचा आहे. वळणाचा अक्ष खाली वाढवला तर तो जमिनीला जिथे मिळतो तो बिंदू आणि टायरच्या टेकणीचा मध्य यांत काही अंतर असते. हे अंतर तरफेसारखे काम करते आणि एकाच चाकाला बसलेला धक्का स्टिअरिंगपर्यंत पोचवते. १९७२च्या ऑडी ८० मध्ये हे अंतर मुद्दाम उलट दिशेला ठेवले होते, ते एका बाजूच्या चाकाला अधिक अवरोध झाला तरी गाडी सरळ राहावी म्हणून. अभियंत्यांनी मिलिमीटरांत सांभाळलेले हे अंतर बाजारातून आणलेले देखणे चाक एका दुपारीत बिघडवून टाकते, आणि जड ट्रकांच्या चाकोऱ्या पडलेल्या डांबरी रस्त्यावर असा रुंद टायर चाकोरीची कड धरून ती नेईल तिकडे गाडी नेतो.

‘पण अलाइनमेंट केल्यावर गाडीत फरक पडला’, हा या समजाचा सर्वांत लाडका पुरावा आहे. फरक पडतोही, प्रश्न तो कशाने पडला हा आहे. त्याच भेटीत, त्याच दुकानात, चारही टायरची हवा सारखी केली जाते आणि बहुधा टायर पुढचे मागे व मागचे पुढे केले जातात. कमी हवेचे चाक गाडीला स्वतःच्या बाजूला ओढते, हे सर्वमान्य आहे. त्याहून कमी माहीत असलेली गोष्ट ही की रेडियल टायरमधले पट्टे बनावटीत किंचित एका अंगाला सरकले असतील तर टायर नळकांड्यासारखा न राहता नकळत शंकूसारखा वागतो आणि गाडीला एका बाजूला नेतो; डोळ्यांना आणि अलाइनमेंटच्या यंत्राला यातले काहीच दिसत नाही. असा टायर मागे गेला की ओढ बरीच कमी होते आणि श्रेय संगणकाला जाते. वास्तविक पुढचे दोन टायर आपसांत बदलून पाहिले तर प्रश्न एका फेरीत सुटतो : ओढीची दिशा उलटली तर दोष टायरचा, तीच राहिली तर अन्यत्र. (ज्या टायरवर फिरण्याची दिशा बाणाने दाखवलेली असते, त्यांची अदलाबदल मात्र त्याच बाजूच्या मागच्या टायरशी करावी.) ही परीक्षा जवळजवळ फुकट आहे, आणि कदाचित म्हणूनच ती फारशी सुचवली जात नसावी.

आता रस्त्याकडे. ‘रस्तेच तसे’ या युक्तिवादात सत्याचा अंश आहे, तो नाकारण्याचे कारण नाही. त्या अंशाचा उपयोग ज्या प्रकारे केला जातो, त्याला आक्षेप आहे. पावसाचे पाणी वाहून जावे म्हणून रस्त्याला आडवा उतार देतात आणि इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकांत तो काँक्रीट रस्त्यासाठी १.७ ते २ टक्के आणि पातळ डांबरी थरासाठी २ ते २.५ टक्के सांगितलेला आहे. साडेतीन मीटर रुंदीच्या लेनमध्ये याचा अर्थ असा की डांबरी रस्त्यावर डावी कड उजवीपेक्षा सुमारे ७ ते ९ सेंटीमीटर खाली असते. डावीकडून चालणाऱ्या देशात निर्दोष गाडीही स्टिअरिंग सैल सोडल्यास डावीकडे हळूहळू सरकावी, हा रचनेचा अपेक्षित परिणाम आहे. मराठवाडा-विदर्भाच्या काळ्या मातीत त्यात भर पडते : ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते, तिच्यावरचा रस्ता लाटांसारखा होतो आणि ओलावा जिथे सर्वाधिक बदलतो ती कड आधी खचते.

परंतु रस्ता पक्षपात करत नाही. आडव्या उताराची ओढ मंद, सलग आणि त्या रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येक गाडीला सारखी असते; उतार बदलला की तिची दिशा बदलते. त्याच रस्त्यावर एक गाडी सरळ जात असेल आणि दुसरी प्रत्येक खड्ड्यापाशी उजवीकडे उसळत असेल, तर दुसरीचा दोष डांबराच्या माथी मारण्यात कोणता तर्क आहे? शिवाय खराब रस्ता हा दोष निर्माण करणारा आणि उघड करणारा असा दोन्ही असतो. गुळगुळीत काँक्रीटवर झिजलेला बुश महिनोन् महिने लपून राहू शकतो. खडबडीत रस्ता त्याची साक्ष देतो, आणि साक्षीदारालाच आरोपी ठरवून मोकळे होण्याची ही पद्धत मालकाला फसवी शांती देते. उताराची नैसर्गिक ओढ ‘दुरुस्त’ करून देणाऱ्या कारागिराचा मोह तर याहून वाईट, कारण लोअर आर्मची बैठक सरकवून किंवा कॅम्बरचे जादा बोल्ट घालून डावीकडची ओढ नाहीशी केलेली गाडी सपाट रस्त्यावर उजवीकडे, म्हणजे समोरून येणाऱ्या वाहनांकडे, कलू लागते.

स्टिअरिंगवरून दोन्ही हात काढून गाडी किती अंतर सरळ जाते ते पाहण्याची लोकप्रिय परीक्षा या सर्व गोंधळाची जननी आहे. रहदारीच्या रस्त्यावर ती धोकादायक आहे एवढेच नव्हे, तर उतार, वारा आणि चाकोरी यांपैकी काहीही वेगळे न काढता ती एकच उत्तर देते. सपाट, मोकळ्या जागेत तोच पट्टा दोन्ही दिशांनी चालवून पाहिला तर निदान जमिनीचा वाटा तरी वजा होतो.

निदानाची खरी वाट प्रश्नांतून जाते, आणि पहिला प्रश्न ‘किती ओढते’ हा नसून ‘केव्हा ओढते’ हा आहे. ब्रेक लावल्यावरच ओढत असेल तर विरुद्ध बाजूचा ब्रेक दुबळा आहे किंवा ओढीच्या बाजूचा बुश गेला आहे. सतत ओढत असेल आणि फेरीनंतर एक चाक दुसऱ्यापेक्षा स्पष्टपणे तापलेले असेल तर त्या चाकाचा कॅलिपर, म्हणजे ब्रेकचा चिमटा, अडकून ब्रेक सुटत नाही. फक्त वेग वाढवताना ओढत असेल तर पुढच्या चाकांना शक्ती देणाऱ्या असमान लांबीच्या शाफ्टांकडे आणि इंजिनाच्या माउंटिंगकडे पाहावे. उजव्या वळणानंतर उजवीकडे आणि डाव्या वळणानंतर डावीकडे ओढत असेल, जणू गाडीला मागचे वळण आठवत असावे, तर खांबाच्या माथ्याचे बेअरिंग किंवा बॉल जॉइंट जाम झाला आहे. धक्क्यानंतर एका बाजूचे चाक उड्या मारत राहत असेल आणि त्याच्या शॉक अब्सॉर्बरवर तेल ओघळले असेल, तर ते चाक रस्त्याला पुरते टेकतच नाही. आणि केवळ एका बाजूचे चाक खड्ड्यात जाते त्या क्षणी ओढत असेल, तर गाडी रॅम्पवर घेऊन प्रत्येक बुशला टॉमी, म्हणजे लोखंडी दांडा, लावून हलवून पाहण्यावाचून गत्यंतर नाही. यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर यंत्राच्या पडद्यावर उमटत नाही.

असे असूनही अलाइनमेंटची सत्ता टिकून आहे, याचे कारण तंत्रात शोधण्यात अर्थ नाही. यंत्रात भांडवल गुंतलेले असते, काम अर्ध्या-पाऊण तासात उरकते, आणि शेवटी ग्राहकाच्या हाती रंगीत कागद पडतो. बुश हलवून पाहणाऱ्या अनुभवी मेकॅनिकच्या मनगटाला जे कळते त्याचा कागद निघत नाही. ग्राहकही निर्दोष नाही, कारण पाच हजार किलोमीटरला अलाइनमेंटचे पैसे तो विनातक्रार मोजतो आणि ‘गाडी चालवून पाहिली, लोअर आर्म बदलावा लागेल’ असे सांगणाऱ्यावर संशय घेतो. पण हा संशय महागात पडू शकतो : लोअर आर्मचा झिजलेला बॉल जॉइंट सुटला तर ते चाक जागच्या जागी आडवे होते, आणि गाडी चालवणाऱ्याच्या ताब्यात राहत नाही. तेव्हा खडबडीत रस्त्यावर ओढणाऱ्या गाडीच्या मालकाने मेकॅनिकला शेजारी बसवून त्याच रस्त्यावर न्यावे, गाडी केव्हा ओढते ते त्याला दाखवावे, त्यानंतर रॅम्पवर सांधे हलवून घ्यावेत, ढिले भाग बदलल्यावरच अलाइनमेंट करावे, आणि या तपासणीची वेगळी मजुरी मागितली गेली तर ती कुरकुर न करता द्यावी.